कोणावर गेली?

रुपाची मुलगी जन्मल्यावर घटकाभरच जगली. रुपा तेव्हा ऑपरेशनच्या गुंगीत होती. ती नीट शुद्धीवर येईपर्यंत नवरा, धनंजय, लेकीला मातीत ठेवून आलाही होता. घरच्यांपैकी बाळाचं तोंड पाहिलं ते त्या एकट्यानं.

आसगावला घरी येताच सासूबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, फर्मान काढलं: सुनेपुढे विषय काढायचा नाही, 'गेली' हा शब्दसुद्धा नाही. गाव पडलं समजूतदार. विजेची लाईन गेली तरी लोक 'लाईन नाही' म्हणू लागले. पवनीची बस चुकलेला शेजारचा नत्थू "बस गे..." म्हणून असा अडखळला की त्यालाच पाणी द्यावं लागलं. समजूत घालायला येणारे धानाच्या रोवणीपासून जावयाच्या मूळव्याधीपर्यंत सगळं बोलत, चहा पीत आणि उठताना 'दुसरं होईल' म्हणत. जशी काही कपबशीच फुटली होती.

या शहाण्यांचा रुपाला मनस्वी राग येई. तिला एवढंच हवं होतं, आपली लेक दिसायला कशी होती ते कोणीतरी सांगावं. पण धनंजयला आईनं शपथ घातलेली. रुपानं विचारलं की तो म्हशीला पाणी दाखवायला उठे. म्हैस बिचारी पाणी पिऊन पिऊन कंटाळली.

गावातल्या शकुबाईला मात्र या घरात येण्याचीच बंदी होती, कारण तिच्या जिभेला हाड नाही. एका दुपारी ती ओसरीत शिरलीच आणि रुपाजवळ फतकल मारून बसली.

"काहून वो रुपा," बारशाला आल्यासारखं तिनं विचारलं, "पोरगी कोनावर गेली होती?"

चंद्रभागाबाई आतून धावल्या. "शकू, अक्कल हाये का तुले? विसरून राहिली होती ना बिचारी!"

"काय विसरू, आई?" रुपा म्हणाली. "मले आठवाले तं द्या काही!"

धनंजय सवयीनं बादली घेऊन उठला होता. तो दारातच थांबला.

"तुह्यावर गेली होती," तो म्हणाला. "नाक तुहंच. केस लय होते, डोळ्यावर येत होते. मातीत ठेवाच्या आधी मीनं मांगं सारले."

रुपा मोठ्यानं रडू लागली. तिला गप्प करायला सासूबाई पुढे आल्या आणि तिच्याजवळच मटकन खाली बसल्या.

"अन् रंग, धनू?" त्यांनी हळूच विचारलं. "रंग कोनाचा होता रे? मले तं कोनं दाखवलीच नाही."