मुठीतले शून्य

हिवाळ्यातले ऊन लक्ष्मीबाईनगरात घाईने येत नसे. आधी ते सरकारी क्वार्टरांच्या टाक्यांवर टेकायचे, मग पिवळ्या भिंतींवरून सावकाश उतरत दोरीवरच्या ओल्या स्वेटरांत शिरायचे, आणि अखेर हिरवळीवर अंथरलेल्या सतरंजीपाशी येऊन थांबायचे. त्या रविवारी सतरंजीवर अर्धी कॉलनी बसली होती. ऊन वृंदाच्या गालावर होते आणि वृंदाची नजर श्रीरंगवर.

"चार लाख बत्तीस हजार!" अंकयोगी श्रीरंग गरजला. "कलियुगाची वर्षं! मनातल्या आकड्याला या महासंख्येनं गुणा. उत्तरातला एक अंक लपवा, बाकीचे उलटसुलट सांगा. लपलेला अंक माझ्या कानात बोलेल! फक्त शून्य लपवू नका. शून्य म्हणजे ब्रह्म. ते मुठीत मावत नाही."

वृंदाच्या आई, कुमुदकाकू, पुढे सरकल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना पोळीही चाचपून उलटावी लागे. "सहा, चार आणि तीन शून्यं," त्या म्हणाल्या.

"आठ! शनी! काकू, डोळ्याला शस्त्र लावू नका."

"बिल्कुल अचूक!" वृंदा माझ्याकडे वळली. "जयंतदादा, मंगळवारचं ऑपरेशन आम्ही कॅन्सलच करतो. श्रीरंगजींना कसं कळतं रे हे सगळं?"

'श्रीरंगजी' हा शब्द तिच्या ओठांवर इतका गोड का व्हावा? मत्सर माणसाला जागा ठेवतो. सगळे आठाकडे पाहत होते. मी शून्यावरच्या बंदीकडे पाहत राहिलो. चिठ्ठीवर गुणाकार केला आणि उभा राहिलो.

"तीन, दोन, चार. आणि तीन शून्यं."

"नऊ! मंगळ!"

मी चिठ्ठी उघडली. "साताला गुणलं. तीस लाख चोवीस हजार. यात नऊ आहेच कुठे? मी मधलं शून्य लपवलं होतं."

"ब्रह्माचा अपमान!"

"अच्छा? मग ब्रह्म नऊ कसं झालं, महाराज?" शेजारच्या अण्णासाहेबांनी मागून विचारले, आणि सतरंजी हसली.

मी चाचरत समजावले. महासंख्येच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिला नवाने भाग जातो. तिने कशालाही गुणा, उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातच पडते. काकूंचे सहा आणि चार मिळून दहा. अठराला आठ कमी, म्हणून आठ. बेरीज आधीच पाढ्यात बसली, तर लपले ते शून्य की नऊ, हे कळायला मार्ग नाही. म्हणून बंदी.

"काकू, हा नवाचा पाढा आहे," मी म्हणालो. "डोळ्याचं डॉक्टरांना विचारा. जे कसं घडतं ते कळत नाही, ते आधी स्वतः करून पाहावं. हात जोडायची घाई करू नये."

ऑपरेशन मंगळवारीच झाले. पट्टी निघाली तेव्हा काकूंनी वृंदाच्या ओढणीवरची बारीक फुलेसुद्धा ओळखली. वृंदा धावत आमच्या दारात आली. ऊन पुन्हा तिच्या गालावर होते, आणि नजर या वेळी माझ्यावर.

"तुझ्यामुळे, जयंतदादा! पुढच्या भाऊबीजेला तुला ओवाळणार हं मी."

यात श्रीरंगचा काहीच दोष नव्हता. ती मला पहिल्यापासून दादाच म्हणत आली होती.