डांबऱ्याचा पट्टा

लॉन ही माझ्या नवऱ्याची, विवेकची, हौस. परभणीच्या उन्हात हिरवळ जगवायची म्हणजे म्हशीला घासून घासून गोरी करण्यातला प्रकार. तरी त्यानं ती जगवली. ओट्यापुढच्या फरशीपासून गेटापर्यंत, दोन सतरंज्या पसराव्यात एवढी. माझे सासरे, लिंबाजीमामा, सोनपेठकडचं शेत बटईनं देऊन आमच्याकडे राहायला आले, तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाले, "एवढं पाणी पाजायलाव, तर कोथमीर तरी टाका की."

मामा रोज संध्याकाळी त्या हिरवळीच्या कडेला फरशीवर उकिडवे बसायचे. शेजारी डांबऱ्या. रस्त्याच्या कामावर डांबरात पाय रुतलेलं पिल्लू त्यांनीच उचलून आणलं होतं. मामांनी त्याला कधी बांधलं नाही. गळ्यातल्या पट्ट्यात मागून दोन बोटं घालून बसत, आणि तेवढ्यावर ते कुत्रं गेटासमोरून डुकरं पळाली तरी हलत नसे. आमच्यापैकी कोणी धरलं, तर मात्र हात खांद्यातून उपटून काढायचं.

मामा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझ्या सासूबाई, बायनाबाई, जे काही बोलतात ते डांबऱ्याशी. मला फक्त "मीठ कमी हाय" एवढंच. ताटातली पहिली भाकरी त्याला, मग स्वतःला. तो आजारी पडला त्या आठवड्यात आत्यांनीही (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) अन्न सोडलं होतं. हे कुत्रं गेलं तर मागोमाग आत्याही जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी त्याला जपायचे. माया वगैरे म्हणायची असेल तर म्हणा.

दिवाळीनंतर लॉन जागोजाग पिवळं पडलं. विवेकनं एक कोपरा ओढला, तर गवत गोधडीसारखं अलगद उचललं गेलं. खाली मुळंच नव्हती. होती ती हुमणी. पांढऱ्या, लठ्ठ, वेटोळं केलेल्या अळ्या, तपकिरी डोक्यांच्या. मला तर शिसारीच आली.

डांबऱ्या आधी त्या उकरून मिटक्या मारत खायचा. मग एकाएकी त्यानं खाणं थांबवलं. मामा बसायचे त्या कडेला जाऊन, एक कान जमिनीला लावून पडून राहू लागला. मध्येच शेपूट हलवायचा. ओळखीचं माणूस गेटातून आत आल्यावर हलवतो, तशी.

"काय ऐकायलंय हे?" मी आत्यांना विचारलं.

"त्याला ठावं," आत्या म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

एका सकाळी कोणी बघत नाही असं पाहून मीही गुडघे टेकले आणि कान लावला. आधी काहीच नाही. मग बारीक कुरकुर. खाली कोणीतरी सावकाश काहीतरी चावत होतं. अळ्या मुळं खात असणार, दुसरं काय. तेवढ्यात कुरकुर थांबली. मी श्वास रोखला. खालीही कोणीतरी श्वास रोखून माझी चाहूल घेतंय, असं वाटलं. मी उठले, गुडघे झटकले आणि दिवसभर सगळ्यांवर उगाच डाफरत राहिले. खरं सांगायचं तर भ्याले होते.

विवेकनं शेवटी दुकानातून दाणेदार औषध आणलं. संध्याकाळी मातीत मिसळलं, वर पाणी मारलं. लसणासारखा उग्र वास सगळ्या अंगणात पसरला. "डांबऱ्याला दोन दिवस मागंच बांध," तो मला म्हणाला. "एक दाणा पोटात गेला तर संपला. अन आईला सांगू नको, घर डोक्यावर घेईल." मी स्वतः मागच्या पेरूला त्याला बांधलं, गाठ दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी येळवस होती. ही आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी शेतात जाऊन जेवायचं, आणि जेवणाआधी उभ्या पिकाला ताकात शिजवलेली ज्वारीची अंबील शिंपडायची, हाळी देत. गेल्या साली मामांचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून सण नव्हता. यंदा आत्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून सोनपेठला जायचं रद्द झालं. नैवेद्य देवापुढे दाखवू, असं मी ठरवलं होतं. आत्यांना विचारलं नव्हतं.

मी भज्जी, येळवशीची मिसळभाजी, शिजवत होते. दारातून लसणाचा वास आला. अंबिलीला लसणाची फोडणी घातलीच होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग बाहेरून आत्यांची हाळी ऐकू आली. शेतात देतात तीच, खणखणीत. दीड वर्षात तो आवाज मी ऐकला नव्हता.

धावत ओट्यावर आले. आत्या अनवाणी लॉनवर उभ्या, कडेवर मडकं, हातात ज्वारीचं हिरवं धाट. पानं अंबिलीत बुडवून त्या चारी बाजूंना शिंपडत होत्या. जमीन कुठलीही असो, त्या दिवशी ती उपाशी राहू नये, एवढंच त्यांना ठाऊक. आणि त्या दिवशी घरचं कुठलं जनावर बांधलेलं ठेवायचं नाही, हेही. मागच्या पेरूला नुसती दोरी लोंबत होती.

"आत्या, इख हाय तिथं!" मी ओरडले.

आत्या जागीच थिजल्या. अंबिलीवर उतरलेली एक साळुंकी दोन चोची मारून पंख पसरून आडवी झाली. आणि डांबऱ्याला अंबील म्हणजे जीव की प्राण.

तो फरशीच्या कडेला होता. पुढचे पाय लॉनच्या काठावर, जीभ बाहेर, लाळ गळतेय. सगळं अंग पुढे झेपावलेलं. पण जात नव्हता. मी पट्टा पकडायला वाकले आणि हात मागे घेतला.

पट्टा गळ्याशी रुतला होता. मागच्या बाजूनं तो मानेपासून सुटून वर ताणलेला, आणि ताणलेल्या चामड्याखाली दोन बोटं मावतील एवढी जागा होती. त्या जागेत काही दिसत नव्हतं. तिथं हात घालायची माझी हिंमत झाली नाही.

आत्या जवळ आल्या. बघितलं. घाबरल्या नाहीत. रागावल्या.

"आता आलाव व्हय?" त्या पट्ट्याच्या मागं बघून म्हणाल्या. "दीड वरीस मी एकटीच बडबडायलीय. येळवशीचं बरं ध्यानात राहिलं! आलाव तर धरून ठिवा घट, सोडू नका."

मी त्यांचे हातपाय साबणानं धुतले, दोनदा. विवेक आला, पट्टा बघून पांढराफटक पडला, आणि हातमोजे चढवून फावडं घेऊन लॉनवर उतरला. आम्ही दोघांनी गवत सोललं, वीतभर माती खरवडली, पोत्यांत भरून तोंडं शिवली. माती वळवळत होती. मामांच्या कडेला तर अळ्या एकीवर एक, मुठी भरतील एवढ्या. दुपार कलली तरी डांबऱ्या तसाच उभा, धापा टाकत. पट्टा तसूभरही सैल झाला नाही. आत्या त्याच्या शेजारी फरशीवर बसून कोणाशीतरी हळू बोलत होत्या. मी ऐकायचं टाळलं.

शेवटची घमेली गेली. पट्टा तसाच ताणलेला. विवेक रडायला लागला. मग मीच पदर डोक्यावर घेतला. मामा हयात असताना घेत असे, तसा.

"मामा," मी म्हणाले. "सगळं साफ केलंय. सोडा आता त्याला."

पट्टा मानेवर सैल पडला. डांबऱ्या धडपडला, सावरला, आणि मागं वळून उकिडव्या बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर हवा चाटायला लागला. शेपूट तर थांबेचना.

भीती होती, आणि त्याहून जास्त बरंही वाटत होतं.

आत्यांनी घरातून अंबिलीचं दुसरं भांडं मागवलं, फरशीवर पेले मांडले. एक जास्तीचा. मग दीड वर्षात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या.

"बस वैदेही. येळवस हाय, समदेच जेवू."