पाहिजे : नाही म्हणणारा वैमानिक

कंपनीच्या छोट्या जेट विमानासाठी वैमानिक हवा होता. अर्जांना तोटा नव्हता. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं, तीन हजार तास उडण्याचा अनुभव, त्यातले हजार याच जातीच्या विमानावर. त्याखाली मोठ्या साहेबांनी आपल्या हाताने एक ओळ वाढवली होती : स्वभाव लवचीक असावा. तासांच्या चाळणीतून दोघेच उतरले आणि त्या शेवटच्या ओळीवर गाडं अडलं.

भरती खातं सांभाळणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस ताई म्हणे. माणूस पारखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. साहेबांच्या मनातलं ओळखण्यात तर नाहीच नाही. साहेब गार चहाला गरम म्हणाले असते, तर ताईंनी त्यावर फुंकरही घातली असती.

पहिला उमेदवार हसतमुख, बोलायला लाघवी. ताईंनी त्याला सहज विचारलं, "समजा, साहेबांना कधी नाही म्हणायची वेळ आली तर?"

"मॅडम, माझ्या तोंडात तो शब्दच नाही."

साहेब खो खो हसले. "हाच पाहिजे आपल्याला."

दुसऱ्या उमेदवाराच्या जुन्या मालकाला ताईंनी फोन लावला, तर पलीकडचा माणूस तापलेलाच होता. "उडवतो चांगलं, पण अहो, कायम नन्नाचा पाढा! तीनदा मला अर्ध्या वाटेतून परत आणलं. शेवटी काढून टाकलं." ताईंनी त्या नावावर फुली मारली.

त्याच दुपारी जुने कॅप्टन ताईंच्या खोलीत आले. नजर अधू झाल्याने त्यांचं उडणं बंद झालं होतं. नव्या वैमानिकाच्या निवडीत सल्ला देण्यापुरते ते उरले होते.

"ताई, फुली चुकीच्या माणसावर पडलीय."

"कॅप्टन, तीनदा परत आलाय तो. मालकाची तक्रार आहे."

"ती तक्रार नाही हो, शिफारस आहे." कॅप्टन खुर्ची ओढून बसले. "हे बघा, ढगातून उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथे धावपट्टी दिसली तर उतरायचं. नाही दिसली तर सरळ वर निघायचं. त्यात मालकाचं मत विचारायचं नसतं. तीन हजार तास दोघांकडेही आहेत. पण त्या तासांत परत फिरायची वेळ आली तेव्हा यांनी काय केलं, हे कुणी विचारायचं? उडायला शिकवता येतं. मालक मागे बसलेला असताना परत फिरायला छाती लागते."

"आणि हे साहेबांना कोण सांगणार?"

"तुम्ही."

ताईंनी ते हसण्यावारी नेलं. 'बघते' म्हणाल्या, आणि पहिल्याची नेमणूक झाली. कॅप्टननी त्याचं नाव होयबा ठेवलं आणि ते दोन दिवसांत ऑफिसभर झालं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. आकाश निरभ्र असलं की होयबाही उत्तम वैमानिक असतो, याबद्दल कुणी शंका घेऊ नये.

मग साहेबांनी दुसऱ्या शहरातला एक कारखाना विकत घ्यायचं ठरवलं. सही सकाळी दहाला व्हायची होती आणि दुसरं गिऱ्हाईक तिथे टपून बसलं होतं. कामगारांशी बोलणी करायची म्हणून ताईंनाही सोबत घेतलं. त्या विमानात त्या प्रथमच बसत होत्या. निघतानाच खबर आली की तिकडे दाट धुकं आहे.

"वर जाऊन बघू," साहेब म्हणाले.

"हो साहेब, बघू," होयबा म्हणाला.

साहेबांना समोरचं बघायला आवडे, म्हणून कॉकपिटचं दार उघडंच असे. ताईंना दोन्ही वैमानिकांचे खांदे दिसत होते. ते शहर जवळ आलं तसं विमान पांढऱ्या धुक्यात शिरलं आणि खाली खाली जाऊ लागलं. "किमान उंची," शेजारचा सहवैमानिक म्हणाला. इंजिनं गरजली, विमान वर निघालं. जुन्या कॅप्टननी सांगितलेली उंची ती हीच, हे ताईंच्या लक्षात आलं.

"पुन्हा एकदा बघा," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

पुन्हा तेच धुकं. पुन्हा सहवैमानिकाचा आवाज आला, "किमान उंची." विमान खालीच जात राहिलं. "किमान उंची, सर!" ताईंच्या खिडकीत एका झाडाचा ओला शेंडा दिसला, अगदी हाताशी, आणि मागे गेला. मग कुठे विमान वर उचललं गेलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "जवळजवळ पोचलोच होतो आपण. आणखी एकदा."

"दुसऱ्या विमानतळावर जायचं तर आत्ताच वळायला हवं," सहवैमानिक हळूच म्हणाला. "नंतर तेवढं इंधन उरणार नाही."

होयबाच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं. "हो साहेब," तो म्हणाला, आणि विमान तिसऱ्यांदा त्या धुक्याकडे वळू लागलं.

हा माणूस त्या खुर्चीवर कसा आला, हे ताईंना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी पट्टा सोडला आणि कॉकपिटच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय?" साहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नाही साहेब. आता खाली जायचं नाही. दुसऱ्या विमानतळावर चला."

"तुम्हाला विमानातलं काय कळतं?"

"काही कळत नाही. पण यांना नाही म्हणता येत नाही, हे कळतं. मीच निवडलंय यांना." ताईंनी दाराची चौकट घट्ट धरली. "कारखाना गेला तर गेला. मला घरी जायचंय साहेब. तुम्हालाही जायचंय."

आपली नोकरी गेली, हे ताईंनी गृहीतच धरलं. पण साहेबांनी तोंड उघडायच्या आत होयबाने विमान वळवलं. कुणीतरी तो शब्द उच्चारावा, एवढीच तो वाट पाहत होता!

दुसऱ्या विमानतळावर लख्ख ऊन होतं. तिथल्या छोट्याशा प्रतीक्षागृहात बसल्या बसल्याच फोन आला : कारखाना दुसऱ्या गिऱ्हाइकाने घेतला. साहेब लालबुंद झाले आणि होयबासमोर जाऊन उभे राहिले.

"खरं सांग. दुसऱ्या वेळी तुला धावपट्टी दिसत होती?"

"नाही साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

होयबा खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मुलाखतीत मॅडमनी विचारलं होतं, नाही म्हणायची वेळ आली तर? तो शब्द माझ्याकडे नाही असं मी सांगितलं. त्यावरच तर तुम्ही मला घेतलंत. घर चालवायचंय मला."

साहेब खुर्चीत बसले आणि पाणी मागून घेतलं. ताईंना मनापासून लाज वाटली. शब्द होयबाचे होते, पण त्यावर हसून त्याला खुर्ची देणाऱ्यांत त्याही होत्या.

"तो दुसरा," ग्लास खाली ठेवत साहेब म्हणाले. "तीनदा परत आणणारा. त्याला बोलवा."

दोन दिवसांनी तो ऑफिसात आला. बोलायला अगदीच रुक्ष. साहेबांनी त्याला मुद्दाम डिवचलं, "तुमचे जुने मालक तुम्हाला अजून शिव्या घालतात."

"घालू देत साहेब. शिव्या घालायला ते आहेत, यातच मला समाधान आहे."

जुन्या कॅप्टननी खिडकीकडे तोंड फिरवून हसू लपवलं. नेमणूक तिथल्या तिथे झाली. होयबाला मात्र काढू नका, असं ताईंनी आग्रहाने सांगितलं. धडा आपणच चुकीचा दिला आणि शिक्षा त्याला, हे त्यांना पटेना. आता तो नव्या कॅप्टनच्या शेजारी बसतो आणि हळूहळू तो एक शब्द शिकतो आहे. जाहिरातीतली लवचीकपणाची ओळ ताईंनी खोडली आणि तिथे लिहिलं : वेळेला नाही म्हणण्याचा अनुभव आवश्यक.

विमान काही तुमच्याआमच्या दारात उभं नाही. पण होयबा आपण घरोघरी, कचेरी-कचेरीत तयार करत असतो. मुलगी नाही म्हणाली की ती उद्धट, हाताखालचा माणूस नाही म्हणाला की तो अडेलतट्टू. आणि एक दिवस सगळं कोसळलं, की आपणच विचारतो, अरे, कुणी बोललं का नाही? माणूस निवडताना त्याने किती वर्षं काम केलं हे जरूर विचारा. पण कुठे थांबला, कुणाला थांबवलं, हेही विचारा. आणि तुम्हालाच कुणी थांबवलं, तर घटकाभर राग गिळून ऐका.

पुढच्याच सोमवारी साहेब बॅग घेऊन तयार होते. "निघू या?"

"नाही साहेब," नवे कॅप्टन म्हणाले. "तिकडे वादळ आहे. दुपारनंतर बघू."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. पण त्यांनी बॅग खाली ठेवली आणि चहा मागवला. आलेला कप त्यांनी ताईंपुढे सरकवला. "घ्या ताई, गरम आहे."

ताईंनी कपाला हात लावून पाहिला.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "गार आहे."