भरलेल्या चर्चचा सूर

चर्चला शंभर वर्षं होत होती आणि आजोबांनी बसवलेल्या ऑर्गनचा सूर यंदा पहिल्यांदाच नातीने एकटीने लावला होता. गर्दीने हवा तापली की साध्या पाइपांचा सूर चढतो, पितळी जिभेच्या पाइपांचा मात्र जागचा हलत नाही. म्हणून रिकाम्या, थंड चर्चमध्ये जिभेचे पाइप मुद्दाम जरा चढे ठेवतात.

आदल्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी दोन्ही तऱ्हेचे पाइप एकत्र वाजवून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"उद्या किती माणसं येतील असं धरलंस गं?"

"चर्च भरेल एवढी."

"हल्ली निम्मे बाक रिकामे असतात, बाई! उद्या बेसूर वाजला तर घराण्याचं नाक कापलं जाईल."

"बाबा, आजोबांनी हा ऑर्गन रिकाम्या बाकांसाठी बसवला होता का?"

सकाळी पहिली घंटा झाली तेव्हा बाक अर्धेच भरले होते. ती दारात जाऊन रस्त्याकडे बघू लागली. मग दूर राहायला गेलेली कुटुंबं नातवंडांसकट येऊ लागली. शेवटी माणसं भिंतींना टेकून उभी राहिली. वादकाने सगळे पाइप एकदम खुले केले आणि गर्दीच्या उबेत दोन्ही तऱ्हेच्या पाइपांचे सूर एकजीव झाले.

वडिलांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं.

"सूर माझ्या लेकीने लावलाय," ते म्हणाले, चांगलं मोठ्यांदा.