मला उपासाचा संशय येतो

मित्रांनो, भूल देण्याआधी दवाखान्यात एक कागद भरतात. आज त्यावर मी माझीच माहिती भरतो.

नाव: लॅरिंगोस्कोप. एक मूठ, एक वाकडं पातं, टोकाला दिवा. पुरी भूल दिलेल्या माणसाच्या घशात मी डोकावतो आणि श्वासाच्या नळीला वाट दाखवतो.

वय: जुना. लातूरला बारा वर्षं राबलो, मग मुखेडच्या या दवाखान्यात आलो. “याचा उजेड भारी,” म्हणायचे. मग पडद्यावर घसा दाखवणारा नवा आला आणि मी कप्प्यात गेलो.

स्वभाव: संशयी. “पोट रिकामं आहे” म्हणणाऱ्यांचे घसे मी पाहिलेत.

शेवटचं खाणं: ______

ही रेघ माझी नाही. अर्जुनरावांची आहे.

सोमवारी दुपारी त्यांच्या पायावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक गेलं. हाड बाहेर आलं होतं. जखम लगेच धुतली नसती तर पाय गेला असता. भूल द्यायला पंचशीला मॅडम होत्या.

“काही खाल्लंय?”

“न्हाई मॅडम,” त्यांची बायको रुक्मिणबाई म्हणाली. “सोमवार हाय त्येंचा. कडक उपास.”

“कमरेत इंजेक्शन देऊ? फक्त पाय बधिर होतील.”

“कमरेत नको!” अर्जुनराव ओरडले. “हिच्या भावाला दिलं, तवापासून कंबर धरून बसलाय.”

“त्यो आधीपासूनच बसलेला हाय,” रुक्मिणबाई म्हणाली. “तरी पुरीच द्या. त्येंला काही दिसू नये.”

मॅडमनी लिहिलं: पुरी भूल.

कप्प्यात मी अस्वस्थ. उपास?

तोंड तपासायला टॉर्च घेतला, तर सेल संपलेले. म्हणून मला काढलं.

“आ करा.”

मी उजेड पाडला. उजव्या दाढेत काहीतरी पांढरं, चिकट.

“हे काय?”

“शाबुदाणा,” रुक्मिणबाई म्हणाली.

“तुम्ही तर न्हाई म्हणालात!”

“फराळाला खाणं कोण म्हणतंय? उपासाचंच हाय की. ताटभर खिचडी, दोन केळी. तासभर झाला.”

मॅडमनी लिहिलेलं खोडलं.

“अर्जुनराव, पुरी भूल दिली आणि हे वर आलं, तर छातीत उतरेल. पाय वाचवायला आलात, जीव जाईल.”

अर्जुनरावांनी मान उचलून पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, “द्या कमरेत.”

त्यांना कुशीवर वळवलं. मी ट्रेमध्ये मिटून पडलो होतो, कुणाच्याही घशात न जाता. दोन तास त्यांचा आवाज येत होता.

“मॅडम, पाय हाय का?”

“आहे.”

थोड्या वेळानं पुन्हा, “हाय का?”

“आहे हो.”

आता मॅडम “काही खाल्लं का” एवढंच विचारत नाहीत. चहा? दूध? फराळ? प्रसाद? एकेक नाव घेतात.

तुम्हीही सगळं सांगा, मित्रांनो. घोटभर पाणीसुद्धा. खोटं बोलू नका, एवढं सांगून माझं भागत नाही. रुक्मिणबाई खोटं बोललीच नव्हती.

म्हणून तर माझा संशय जात नाही.