काठीला धक्का नाही

मुलांनो, डोळे मिटा आणि कमरेएवढं गवत डोळ्यांसमोर आणा. तुमच्या नाही, माझ्या कमरेएवढं. तुमच्यातले काही जण त्यात बुडूनच जातील. याच गवतात कोवळी झाडं दडली आहेत. प्रत्येकाची खूण म्हणून शेजारी एक उंच काठी रोवली आहे. गवत त्यांचं ऊन अडवतं, पाणी पिऊन टाकतं, आणि काटेरी वेल तर थेट गळ्यातच पडतात. म्हणून अधूनमधून हे रान काढावं लागतं.

ते काम मुंगीची आई करायची. मुंगी हे तिच्या लेकीचं घरातलं नाव. आईची पद्धत ठरलेली होती. आधी हाताने गवत सारून रोप शोधायचं, विळ्याने त्याच्याभोवती मोकळं करायचं, कापलेलं गवत त्याच्याच बुडाशी पसरायचं. सगळी रोपं दिसू लागली की मगच मधल्या पट्ट्यांत गवत कापायचं यंत्र फिरवायचं. रोपं शोधण्यात मुंगी पटाईत होती.

एकदा आई तापाने पडली आणि काम मामाकडे आलं. मामाला यंत्र फार आवडायचं. केवढा आवाज करतं ते!

"मामा, आधी रोपं शोधायची असतात."

"का, हरवलीत का ती? काठ्या दिसतायत की ढळढळीत! काठी सोडून बाकी सगळं उडवायचं. तुझ्या आईला उगाच लपाछपी खेळायची हौस."

"अरे, पण रोप काठीला चिकटून नसतं. उन्हाकडे झुकतं."

"बरं हं, मास्तरीणबाई! सरका आता."

दुपारपर्यंत एक कोपरा सोडून सगळी जमीन तुळतुळीत झाली. एकाही काठीला ओरखडा नव्हता. मामा घाम पुसत कौतुकाने बघत होता, तेवढ्यात मुंगीने ढिगातून रोपाचा एक कापलेला शेंडा उचलून त्याच्या नाकासमोर धरला. मग दुसरा. मग ओंजळभर.

"चार-दोन जायचेच," मामा पुटपुटला आणि ढीग पायाने सारखा करू लागला.

नेमक्या तेव्हाच, ही झाडं लावून घेणाऱ्या कार्यालयातल्या मोठ्या बाई पाहणीला आल्या.

"वा! याला म्हणतात काम! मागच्या खेपेला नुसतं रान माजलं होतं इथे." त्या काठ्यांच्या रांगांकडे बघतच राहिल्या. "आणि झाडं?"

"लहान आहेत हो अजून. पुढच्या वर्षी दिसतील."

"छान, छान. पण तो कोपरा का ठेवलाय? दृष्ट लागू नये म्हणून?"

मामा मोठ्याने हसला. "आत्ता होईल, बाई!"

जिवंत रोपं उरली होती ती फक्त त्या कोपऱ्यात. मुंगी ओरडली, पण यंत्र सुरू झालं होतं. मग ती पळत सुटली आणि वाकून त्या उंच गवतात शिरली. क्षणात दिसेनाशी झाली.

मामाने घाबरून यंत्र बंद केलं. "मुंगे! कुठे आहेस गं? बाहेर ये!"

शेवटी यंत्र खाली ठेवून, हाताने गवत सारत, पाऊल जपून टाकत तो आत गेला. मागोमाग बाई. "सांभाळून हो," त्या म्हणाल्या, "लागेल पोरीला."

मुंगी एका रोपासमोर मांडी घालून बसली होती आणि त्याच्याभोवतीचं गवत मुठीमुठीने उपटत होती. मामाला पाहून ती जराशी सरकली आणि तिने त्याच्यासाठी जागा केली.