जावईबापूंची सरकारी बदली

शैलामावशी एकही वाक्य खोटं बोलल्या नव्हत्या, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

त्यांची भाची गार्गी कॅलिफोर्नियात इंजिनिअर. तिचा नवरा रिथी हा कंबोडियन निर्वासितांचा मुलगा. आईबाप कत्तलीतून जीव घेऊन पळाले, थायलंडच्या छावणीत रिथी जन्मला आणि दोन वर्षांचा असताना अमेरिकेत आला. एकोणिसाव्या वर्षी मारामारीत त्याने एकाचा जबडा मोडला. शिक्षा झाली, ती भोगली, सुटला, ट्रक चालवायला लागला, गार्गीशी लग्न केलं, मुलीच्या शाळेच्या आनंदमेळ्यात कणसं भाजायला उभा राहायला लागला. नागरिकत्व तेवढं घ्यायचं राहिलं होतं, आणि इतकं सगळं सुरळीत झाल्यावर सरकारला तो जबडा पुन्हा आठवला. वर्षाची हजेरी लावायला इमिग्रेशनच्या ऑफिसात गेला तो तिथूनच उचलला. सात महिने, तीन राज्यांतल्या तीन कोठड्या, आणि मग थेट कंबोडिया. हा देश त्याने तोवर फक्त नकाशात पाहिला होता.

"म्हणजे तडीपारच की," शैलामावशींचे यजमान मनोहरराव म्हणाले. "आपल्याकडे दोन जिल्ह्यांतून करतात, यांनी निम्म्या पृथ्वीवरून केलं."

"तो शब्द या घरात काढायचा नाही," शैलामावशींनी बजावलं.

पण शब्द काढायचा नाही म्हणजे गप्प बसायचं असं थोडंच आहे? सिंगापुरातल्या बेडोकच्या मार्केटात महाराष्ट्र मंडळाच्या नीलिमाने विचारलं, "गार्गीचे मिस्टर काय म्हणतात?"

शैलामावशी भेंडी निवडत होत्या. "कंबोडियाला असतात हल्ली. अमेरिकन सरकारनेच पाठवलं."

"सरकारने? कंपनीने नाही?"

"छे. खास विमान केलं होतं. तीसेक जण होते. सोबत सिक्युरिटी."

यातलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. तीस जणांना बेड्या होत्या, हा तपशील तेवढा भेंडीच्या नादात राहून गेला. ही बातमी लिटिल इंडियात पोचेपर्यंत रिथी सल्लागार झाला होता. दिवाळीत त्याला बंगला मिळाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तो राजदूताच्या जेमतेम एक पायरी खाली होता, आणि शैलामावशींना तिळगूळ जरा जास्तच मिळाला.

दोन हजार अठराच्या मार्चमध्ये गार्गीचा फोन आला. ऑफिसच्या कामासाठी ती सिंगापूरला येणार होती आणि दहा वर्षांच्या इराला बरोबर आणणार होती. रिथी नॉम पेन्हला एका शाळेत इंग्रजी शिकवत होता, त्याला सुट्टी फक्त रविवारची. सकाळी आठला उतरायचं आणि पाच वाजता परत विमानतळाची वाट धरायची. चौदा महिन्यांत इराने बाबाला फक्त फोनवर पाहिलं होतं.

"मावशी, तुझी बाहेरची खोली दे तेवढी," गार्गी म्हणाली. "इराने वहीत प्रश्न लिहून ठेवलेत त्याला विचारायला. आणि प्लीज, कोणाला बोलावू नकोस."

"मी कशाला कोणाला बोलावतेय," शैलामावशी म्हणाल्या, आणि हेही खरंच होतं. बोलावलं ते अभयने.

अभय मंडळाचा सेक्रेटरी; रविवारची बातमी त्याला मार्केटातून लागली होती. त्याने परस्पर आपल्या कॉन्डोमधला हॉल बुक करून टाकला. "शैलाताई, अर्धा तास फक्त. विषय 'कंबोडिया: संधी आणि आव्हाने'. पत्रिका गेल्यासुद्धा सगळ्यांना."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण एकच होतं. "अर्धाच तास हं," शैलामावशी म्हणाल्या.

रविवारी विमान अडीच तास उशिरा आलं. रिथी बाहेर आला तशी इरा धावत गेली आणि तिने त्याच्या शर्टाचा काठ मुठीत धरला. टॅक्सीत बसतानाही सोडला नाही. टॅक्सी निघाल्यावर शैलामावशींनी हॉलचं सांगितलं. गार्गी बोटांवर पाचपर्यंतचे तास मोजायला लागली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

रिथी मात्र हसला. "मावशी, सात महिने मी सरकारी हुकमावर इकडून तिकडे हललोय. अर्ध्या तासाचं काय एवढं?"

त्याला मराठी कार्यक्रमांची सवय नव्हती.

आधी दीपप्रज्वलन. हॉलमध्ये आग पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीची समई, आणि तिचं बटण लागेना. चार जणांनी आळीपाळीने समई हलवून पाहिली. शेवटी मोबाईलच्या टॉर्चवर उद्घाटन झालं. मग पाहुण्यांचा परिचय. तो करायला प्रबोध, निवृत्त बँकर, उभे राहिले, आणि अंगकोरच्या देवळांपासून सुरू करून पंचवीस मिनिटांनी रिथीपर्यंत पोचले.

"अमेरिकन शासनाने लाखो लोकांतून यांची निवड केली," ते म्हणाले, "आणि सरकारी खर्चाने, सरकारी संरक्षणात, यांना मातृभूमीच्या सेवेसाठी पाठवलं."

शाल झाली, नारळ झाला. रिथी बोलायला उभा राहिला आणि त्याने इंग्रजीत, सरळ जे होतं ते सांगून टाकलं.

"मला जायचं नव्हतं," तो म्हणाला. "विमानात हात कमरेला बांधले होते. सँडविच दिलं ते मान खाली घालून खाल्लं."

हॉल हसला. "किती साधा माणूस," सुलेखा शेजारणीच्या कानात म्हणाली.

"उतरल्यावर अधिकाऱ्याने ख्मेर भाषेत प्रश्न विचारले. मला ख्मेर येते ती आईच्या ओरड्यापुरती. मी त्याला म्हणालो, 'पाय धू आणि मुकाट्याने जेव.' त्याने शिक्का मारला."

टाळ्या पडल्या. मग प्रश्नोत्तरं.

सुलेखाने विचारलं, "फॅमिलीला बरोबर का नाही नेता आलं?"

"मी जजला हेच विचारलं होतं," रिथी म्हणाला.

अभय वही सरसावून उठला. "आमच्या मुलाला, सारंगला, अशी पोस्टिंग हवी असेल तर तयारी काय करावी?"

"आधी कोणाचा तरी जबडा मोडावा लागेल."

हॉल खो खो हसला. अभयने वहीत 'आक्रमक नेतृत्व' असं लिहून खाली रेघ मारली.

शैलामावशींनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन. इरा पहिल्या रांगेत, मांडीवर वही. तिने हात वर केला.

"वा, छोट्या मैत्रिणीचा एक प्रश्न घेऊ," अभय म्हणाला. "मग आभार, मग जेवण, आणि तीन वाजता सगळेच शैलाताईंकडे चहाला. तिथे पाहुण्यांशी निवांत गप्पा."

हे चहाचं शैलामावशी पहिल्यांदाच ऐकत होत्या.

इराने वही उघडली. "प्रश्न एक. हजेरीला गेलास त्या दिवशी मी अर्धवट झोपेत असताना तू म्हणालास, जेवायच्या वेळेपर्यंत येतो. येणार नाहीस हे तुला माहीत होतं?"

हॉलमधलं हसणं अर्ध्यात थांबलं. रिथीने माईक बाजूला केला. "नाही गं. माहीत असतं तर तुला उठवून, भेटून गेलो असतो."

इराने पुढे टिकमार्क केला. "प्रश्न दोन."

"बाळा, एकच हं," अभय म्हणाला. "वेळेचं बंधन आहे."

"माझे एकेचाळीस आहेत," इरा म्हणाली.

शैलामावशी उठल्या. त्यांनी पर्समधून घराच्या किल्ल्या काढून गार्गीच्या हातात दिल्या. "तिघं घरी जा. जेवण डब्यात भरून घे. पाचच्या आत त्या घरात कोणी पाऊल टाकणार नाही."

"मावशी, हे सगळे मागोमाग येतील."

"तू जा."

"शैलाताई," अभय म्हणाला, "अजून आभार व्हायचेत."

"आभार मी मानते," शैलामावशींनी माईक हातात घेतला. "जरा सविस्तर मानते."

तिघं दारातून बाहेर पडली. लगेच सात-आठ जण व्हिजिटिंग कार्ड घेऊन मागे निघाले. मनोहररावांनी दारात खुर्ची आडवी टाकली आणि तिच्यावर बसून चप्पल काढली. असे बसलेले मनोहरराव लवकर उठत नाहीत, हे मंडळाला ठाऊक होतं.

"सगळे बसा," शैलामावशी म्हणाल्या. "आमचे जावई तडीपार आहेत."

प्रबोध उभेच राहिले. बहुधा परिचय दुरुस्त करावा की काय, अशा विचारात असावेत.

"पण तूच म्हणालीस ना, खास विमान?" नीलिमा म्हणाली.

"खासच होतं. मर्जीने कोणीच बसलेलं नव्हतं."

"आणि सिक्युरिटी?"

"तीही होती. त्याच्यापासून लोकांना वाचवायला."

कोणी नाकं मुरडतंय का, हे शैलामावशींनी पाहिलं. दोघीतिघींनी मुरडली. अभयने वहीतली रेघ खोडली, मग पुन्हा मारली. मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे तीनचा चहा आहे की नाही?"

"चहा नाही. मी इथे आहे पाचपर्यंत. ज्याला जे विचारायचंय ते मला विचारा. सगळं सांगते, पहिल्यापासून."

आणि त्यांनी सांगायला घेतलं. इतके महिने जे दोन वाक्यांत उरकलं होतं ते त्या आता पुरवून पुरवून सांगायला लागल्या. छावणी, तिथली पाण्याची रांग, दारूचं दुकान, जबडा, जबड्याच्या मालकाचं नाव, तो आता रिथीला ख्रिसमसचं कार्ड पाठवतो हे. कोणी घड्याळाकडे पाहिलं की त्या नवा तपशील काढत. गंमत म्हणजे अर्ध्या तासाने कोणी घड्याळाकडे पाहीनासं झालं. टेबलावर मांडलेलं जेवण तसंच झाकून राहिलं.

पावणेतीनला त्या दुसऱ्या कोठडीपाशी आल्या. इराचा वाढदिवस होता. गार्गी तिला घेऊन सहा तास गाडी चालवत भेटायला गेली. काचेमागचा माणूस म्हणाला, "आज पहाटेच हलवला त्याला. कुठे ते सांगता येत नाही." इराने फ्रॉक नवा घातला होता.

मागच्या रांगेतल्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"मग?" सुलेखाने हळूच विचारलं.

शैलामावशी पाणी प्यायल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाचाला अजून खूप वेळ होता.

"मग त्या दोघी घरी परत आल्या," त्या म्हणाल्या. "सहा तास. थांबा, रस्ता सांगते."